माझ्या नावाचा गोल

कोपर, डोंबिवली पश्चिम
सोमवार

प्रिय प्रीती,

तुझ्यावर मनापासून चिडलेल्या आईचे आशीर्वाद आधी घे आणि मग पुढचं वाच. आज एकोणीस दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतेस, पण उत्तर द्यायला तुझी बोटं दुखतात. नीलला फोन लावला की जावई बिचारा दोन गोड शब्द बोलतो, आई ती झोपलीये, आई ती ऑफिसच्या कॉलवर आहे, आणि मागून तू त्याला कुकर बंद कर म्हणून सांगतेस ते मला इकडे ऐकू येतं. मी म्हातारी झालेय, बहिरी नाही. आणि परवा आला तो एकच मेसेज, तोही इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. दादा घरात असेपर्यंत मी बाळंतपणाला कोपरला येणार नाही, इथेच नौपाड्यात सासूबाईंकडे राहीन. वाचून असं डोकं उठलं की गॅसवर ठेवलेलं दूध विसरले, सगळं ओट्यावर. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे असा काही सरकारी नियम नाही, तेवढं मला कळतं. तुझ्या दारापासून तुझ्या डॉक्टरबाई पाच मिनिटांवर आहेत, हेही कळतं. पण तू कारण दिलंस ते दादाचं दिलंस, आणि ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

तो मेसेज मी एकटीने वाचला असता तर गिळून टाकला असता. पण माझा फोन तेव्हा दादाच्याच हातात होता, महेंद्रच्या. तो मला विजेचं बिल भरून देत होता. त्याने वाचला, फोन माझ्याकडे दिला आणि बिल भरलं गेलं एवढंच बोलला. रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला. मला वाटलं झेरॉक्सच्या दुकानात जास्तीचं बाइंडिंगचं काम असेल, परीक्षेचे दिवस आहेत. दुपारी आला आणि जेवता जेवता सांगतो, मी दिवा स्टेशनला खोली बघून आलो. तिसरा मजला, पाणी एक दिवसाआड येतं, पण मी एकटाच, मला कितीसं लागतं. एक तारखेपासून तिकडे जातो, म्हणजे प्रीतीला ही खोली होईल, पाळणा खिडकीकडे लावा, दाराकडे वारा लागतो. त्याने पाळण्याची जागासुद्धा ठरवून ठेवलेली. तुझे पप्पा ताटावरून उठले ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. आता मला सांग, दिव्याच्या त्या खोलीत त्याला रात्रीची गोळी घेतलीस का म्हणून कोण विचारणार? सात वर्षांपूर्वी बरं वाटतंय म्हणून त्याने सतरा दिवस गोळ्या बंद ठेवलेल्या, तेव्हा काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलंयस. म्हणजे तू इकडे येत नाहीस आणि तो इकडून चाललाय. दोन पोरं जन्माला घातली आणि म्हातारपणी घर रिकामं, हे मी गप्प बसून बघू?

तू म्हणशील आई नेहमी दादाचीच बाजू घेते. अगं, तुझी भीती मला कळत नाही असं नाही. तो आजारी पडला तेव्हा तू दहावीत होतीस. टीव्हीतला माणूस माझं नाव घेतो म्हणून त्याने टीव्ही फोडला, तेव्हा काचा तू गोळा केल्यास. महिनाभर तू तुझ्या मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून जायचीस आणि तिथेच झोपायचीस. त्याबद्दल मी तुला एका शब्दाने कधी बोलले नाही. पण तो महेंद्र आणि आजचा महेंद्र यांच्यात तेरा वर्षांच्या गोळ्या आहेत, आणि त्या त्याने स्वतःच्या हाताने घेतल्यात. त्या गोळ्यांनी जाडा झाला, हात कापतात, दुपारी दुकानात डुलक्या येतात म्हणून मालकाची बोलणी खातो. एवढं सोसून जो माणूस सरळ चालतो, त्याला तू तुझ्या बाळाजवळ येऊ द्यायला घाबरतेस.

आणि घाबरतेस कशाच्या जोरावर, तर त्या रंगीत कागदाच्या. सातव्या महिन्याच्या जेवणाला तू आलीस, हिरवी साडी नेसून इतकी छान दिसत होतीस, चाळीतल्या जुन्या बायका सगळ्या आलेल्या, केशरबाईंनी तुझ्यासाठी खास पुरणपोळ्या आणलेल्या. बायका गेल्या आणि तू पर्समधून तो रिपोर्ट काढलास. म्हणे नळीत थुंकी भरून पाठवली की ते सगळे जीन तपासून देतात. हिरवा बाण म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, आणि एका ठिकाणी लाल बाण, त्याच्यासमोर डिस्क-वन असं नाव आणि पुढे मानसिक आजाराचा वाढीव धोका. तू तो कागद पप्पांच्या पुढ्यात आपटलास आणि म्हणालीस, हे तुमच्या घराण्याचं आहे, आधी तुमचे काका, मग दादा, आता माझं बाळ, निदान लग्नाआधी मला नीट सांगायचं तरी होतं. पप्पांनी काय केलं आठवतं? उठले आणि चहाचे कप विसळायला लागले. तुला वाटलं, चूक आहे म्हणून गप्प बसले. मी मात्र तिथेच खुर्चीत बसून होते, तोंडाला कुलूप लावून. या पत्रात पुढे मी जे काही वेडंवाकडं लिहिणार आहे, ते त्या कुलपामुळे.

तो रिपोर्ट बघून माझी तर हसावं की रडावं अशी गत झाली. सव्वीस वर्षं मी स्टेशनजवळच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं. आमच्याकडे रिपोर्टला शेवटी एक रकाना असतो, नॉर्मल किती ते सांगणारा. साखर एवढी ते एवढी, हिमोग्लोबिन एवढं ते एवढं. माणूस घरी जाऊन आपला आकडा त्या आकड्यांत बसतो का बघतो आणि गप्प झोपतो. तुझ्या त्या कागदावर असा रकानाच नाही. बाण लाल, पण किती लाल, कोणाच्या तुलनेत लाल, काही पत्ता नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ऋजुताला फोन लावला. ऋजुता म्हणजे ती चष्मेवाली मुलगी, दोन वर्षांपूर्वी संशोधनवाल्यांकडून आपल्याकडे आलेली, ज्या घरात मानसिक आजार आहे त्या घरातल्या सगळ्यांचं रक्त जमा करायला. तू तेव्हा लग्नाच्या गडबडीत होतीस, रक्त द्यायला आली नाहीस. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, काकू, त्या एका बाणावरून कोणाचंही भविष्य सांगता येत नाही. त्या जीनचा या आजारांशी नक्की किती संबंध आहे यावर शास्त्रज्ञांचीच अजून भांडणं चालू आहेत.

मग तिने मला त्या जीनची गोष्ट सांगितली, ती तुलाही सांगते, कारण त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. स्कॉटलंडमध्ये एक मोठं कुटुंब होतं. त्यांच्या चार पिढ्यांमध्ये बरेच जण मनाने आजारी पडलेले. पण सगळ्यांचा आजार एकच नव्हता. कोणाला महेंद्रसारखा, कोणाला नुसती खोल उदासी, कोणाला एकदा चढ तर एकदा उतार. तपासलं तर त्या सगळ्यांच्यात एकाच ठिकाणी मोडतोड सापडली आणि तिथे हा जीन सापडला. आणि त्याच घरात तशीच मोडतोड असलेली काही माणसं आयुष्यभर ठणठणीत राहिली, त्यांना काहीच झालं नाही. आपल्याकडे ती मोडतोड आहे असं काही नाही, तसली घरं जगात फार थोडी, हे ऋजुताने मला तीन वेळा बजावलं. पण तुझ्या पोटातल्या बाळाला अमुकच होणार असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो भामटा आहे, एवढं लक्षात ठेव. मला मात्र त्या गोष्टीतलं वेगळंच काहीतरी टोचत राहिलं. ती माणसं एका परक्या डॉक्टरसमोर बसली आणि आपल्या आजीला काय झालेलं, मामाला काय झालेलं, ते सगळं त्यांनी खरंखरं सांगितलं. त्यांनी लपवलं असतं तर कोणाला काही सापडलं नसतं. शेवटी ऋजुता म्हणाली, काकू, प्रीतीताईंना सांगा, असल्या बाणापेक्षा घरातला खरा इतिहास डॉक्टरला जास्त उपयोगी पडतो. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आणि त्यानंतर तासभर मी कपडे वाळत घातलेल्या दोरीकडे बघत बसले.

कारण तो इतिहास ऋजुताला मीच सांगितलेला. दोन वर्षांपूर्वी आपल्या याच टेबलावर तिने मोठा कागद पसरला आणि घराण्याचं झाड काढलं. पुरुष असला की चौकोन, बाई असली की गोल. आजारी असेल तो काळा भरायचा, बाकीचे पांढरे सोडायचे. महेंद्रचा चौकोन तिने काळा केला, तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. मग तिने विचारलं, वडिलांकडच्या बाजूला आणखी कोणी? पप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी पटकन म्हटलं, आहेत ना, यांचे सहदेवकाका. घर सोडून गेलेले, एकटेच राहायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. झालं, सहदेवकाकांचा चौकोन काळा. अगं प्रीती, सहदेवकाका वेडे नव्हते. तापट होते. आबांशी, म्हणजे तुझ्या आजोबांशी, जयंतीच्या सभेत कोण आधी बोलणार यावरून त्यांचं भांडण झालं आणि ते जे दिव्याला गेले ते मरेपर्यंत आले नाहीत. कंपनीत एक दिवस खाडा नाही, पेन्शन वेळेवर, मुलांना शिकवलं. मेलेल्या माणसाला मी माझ्या सोयीसाठी काळं केलं, आणि पप्पांनी ते करू दिलं. मग ऋजुताने विचारलं, आणि तुमच्या बाजूला, काकू? मी म्हटलं, आमच्याकडे कोणी नाही, सगळे धडधाकट. तिने माझा गोल पांढरा सोडला आणि कागद गुंडाळला.

लॅबमध्ये मला कसल्या माणसांचा सगळ्यात राग यायचा, सांगू? उपाशीपोटी आलोय म्हणून सांगायची आणि चहा-बिस्किट खाऊन आलेली असायची, त्यांचा. साखर वाढलेली यायची आणि मग आमच्याशीच भांडायची, तुमचं मशीन बिघडलंय म्हणून. मी त्यांना झाप झाप झापायचे. खोटं सांगाल तर रक्त काय करणार, औषध तुम्हालाच चुकीचं मिळणार, आमचं काय जातंय. सव्वीस वर्षं हेच तोंड चालवलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा त्याच तोंडाने मी काय सांगितलं ते तू आत्ता वाचलंस.

आता का लपवलं ते ऐक. तुझं लग्न ठरत होतं. नील चांगला मुलगा, तुझ्या सासूबाई मंदाकिनीताईही चांगल्या बाई, त्यांनी कधी आपला अपमान केला नाही, हे मी कोणासमोरही म्हणेन. पण पहिल्यांदा आपल्याकडे चहाला आल्या तेव्हा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच जरा थांबली, तेवढं मला पुरलं. नौपाड्यातलं जुनं घर, तीन पिढ्या शिकलेल्या, आणि एकुलत्या एक मुलाने आपल्यातली मुलगी आणलेली. त्यांच्या नातेवाइकांना बोलायला एक कारण आधीच होतं, दुसरं मी का देऊ, असं मला वाटलं. महेंद्रचं लपवण्यासारखं नव्हतं, तो समोरच बसलेला. त्यांनी हळूच विचारलं, घराण्यात आणखी कोणाला? मी तोच सहदेवकाकांचा पाढा वाचला. बाप्यांच्या बाजूचं आहे, लांबचं आहे, मुलीकडे येत नाही. मुलीकडे येत नाही, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं देव जाणे. बघ, देव म्हटलं. आबा असते तर ओरडले असते.

आणि आता त्या काविळीकडे येते. लहानपणापासून तुला सांगितलंय, तू झालीस तेव्हा आईला कावीळ झालेली, म्हणून तुला अंगावरचं दूध मिळालं नाही, डब्याचं पाजलं, आणि आजीने सांभाळलं. तू शाळेत निबंधातसुद्धा ते लिहिलेलं. तिसऱ्या महिन्यात तू डॉक्टरबाईंकडे नाव नोंदवलंस, त्यांनी विचारलं, आईच्या बाळंतपणात काही गुंतागुंत? तू इमानदारीने सांगितलंस, आईला कावीळ झालेली. बाई नीट काम करणाऱ्या, त्यांनी फाईलवर लिहून घेतलं. तेव्हापासून दर महिन्याला तुझ्या लिव्हरच्या तपासण्या चालल्यात. दर महिन्याला तू मला रिपोर्ट पाठवायचीस, आई बघ गं, तुला कळतं. मी आकडे बघायचे, सगळे नॉर्मल, आणि तुला अंगठ्याचं चित्र पाठवायचे. पाच महिने माझ्या पोरीच्या दंडात सुई टोचतायत, माझ्या खोटेपणापायी, आणि ज्या गोष्टीची खबरदारी घ्यायला हवी ती कोणाच्या फाईलवरच नाही. मी अंगठा पाठवतेय. लाज वाटते गं लिहिताना.

मला कावीळ झालेली नव्हती, प्रीती.

महेंद्रच्या वेळी मला काही म्हणजे काही झालं नव्हतं. तुझ्या वेळी तिसऱ्या दिवसापासून झोप गेली. बाळंतिणीला झोप कुठली, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मला थकवाही नव्हता, उलट अंगात वारं शिरल्यासारखी मी भांडी घासत होते, फरशी पुसत होते, बोलत होते. सहाव्या दिवशी मला कळून चुकलं, असं मला वाटलं, की इस्पितळात तुझ्या हाताची पट्टी बदललीय आणि हे बाळ माझं नाही. लॅबमध्ये काम करणारी बाई मी, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या की काय होतं ते मला ठाऊक. मी कोणाला बोलले नाही. पगार घ्यायचा म्हणून लॅबमध्ये जाऊन आले आणि येताना रक्तगट तपासायच्या बाटल्या पदराखाली घेऊन आले. तू नऊ दिवसांची होतीस. तुझ्या टाचेला टोचून मी काचपट्टीवर थेंब घेतला. बी पॉझिटिव्ह आलं, माझाच गट. मला वाटलं बाटली बदललीय. परत टोचलं. परत तेच. संध्याकाळी आबांनी तुला मांडीवर घेतलं आणि दुपट्यावर रक्त बघितलं. तुझ्या दोन्ही टाचांना मिळून अकरा टोचे होते. तू रडायचंही थांबलेलीस. मी त्यांना शांतपणे समजावत होते, थांबा आबा, एकदा खात्री होऊ दे, म्हणजे आपण हिला परत देऊन आपली आणू.

आजी म्हणाली बाहेरचं आहे, हिला अंगारा लावा. आबांनी तिला गप्प केलं. या घरात अंगारा नाही म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, डॉक्टरला कळेल. त्याच रात्री पप्पा आणि ते मला रिक्षात घालून ठाण्याच्या मोठ्या मनोरुग्णालयात घेऊन गेले. आपल्या मुलखात ठाण्याला न्या याला, असं म्हणतात ते काय म्हणून म्हणतात तुला माहीतच आहे. पोरं एकमेकांना चिडवतात. मी तिथे पाच आठवडे होते. मला कोणी मारलं नाही, बांधलं नाही. एक मल्याळी नर्स होती, ती माझ्या केसांची रोज वेणी घालायची. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला एकदम तुझी टाच आठवली आणि मी इतकी रडले की ती नर्स म्हणाली, आता तू बरी होणार. आणि बरी झाले. घरी आले तर चाळीत सगळे विचारत होते, कावीळ उतरली का? ती काविळीची थाप आबांनी मारलेली. घरातले देव खाडीत सोडून आलेला माणूस, भर सभेत अंधश्रद्धेवर बोलणारा, पण शेजाऱ्यांना त्यांनीही घाबरूनच कावीळ सांगितली. देव काढून टाकणं त्यांना जमलं, चाळ काढून टाकणं जमलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. पुढे एकोणतीस वर्षं ती कावीळ मीच जपली. आणि महेंद्र आजारी पडला तेव्हा मी पप्पांना काय म्हणाले असेन ओळख. तुमच्या रक्तात आहे हे. भांडण झालं की म्हणायचे. त्या माणसाने मला उचलून रिक्षात बसवलेलं, त्याला सगळं माहीत, आणि तेरा वर्षांत एकदाही त्याने, शालन, आधी तुझं बघ, असं म्हटलं नाही. त्या दिवशी तू त्यांच्यासमोर कागद आपटलास तेव्हाही ते कपच विसळत बसले. त्यांची तू माफी माग असं मी म्हणत नाही. आधी मला मागायचीये, आणि मला ती कशी मागायची तेच कळत नाहीये.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तू इकडे यावंस म्हणून नाही. नको येऊस, नौपाड्यात राहा, मला चालेल. दिव्याच्या खोलीवाल्याला मी आज सकाळी जाऊन नाही सांगून आलेय आणि महेंद्रलाही बजावलंय, तो कुठे जात नाही. फोनवर सांगून हे झालं असतं, पण फोनवरचं बोलणं डॉक्टरच्या फाईलला लावता येत नाही, म्हणून कागदावर लिहिलं. मी ऋजुताला काल सगळं सांगितलं, माझा गोल काळा करायला लावला आणि सहदेवकाकांचा पांढरा. ती म्हणाली, काकू, हे आधी प्रीतीताईंच्या डॉक्टरांना कळायला हवं. आईला झालं म्हणजे मुलीला होतंच असं नाही, बहुतेकींना होत नाही. पण धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि आधी माहीत असेल तर डॉक्टर तयार राहतात, लगेच औषध देतात, पाच आठवड्यांवर जात नाही. म्हणून हे पत्र आधी नीलला वाचायला दे. बाळ झाल्यावर सलग दोन रात्री तुला झोप लागली नाही, आणि झोप नको असंच वाटायला लागलं, तर त्याने कोणाला न विचारता फोन करायचा. तू नाही म्हणालीस तरी करायचा, कारण मीही नाहीच म्हणत होते. गुरुवारी अकरा वाजता तुझी तारीख आहे आणि मंदाकिनीताई तुझ्याबरोबर असतात, ते मला माहीत आहे. मी पावणेअकराला दवाखान्याच्या पायऱ्यांवर असेन. तुला बोलायला लागणार नाही, माझ्याकडे बघायलाही लागणार नाही. डॉक्टरबाईंना आणि तुझ्या सासूबाईंना माझ्या तोंडाने मी सांगेन, कावीळ खोडा, या मुलीची आई बाळंतपणात ठाण्याला होती. तू फक्त मला आत येऊ दे.

तुझीच,
आई
(शालन)